तांब्याच्या ढोलावरची साय

माझ्या बहिणीचा नवरा जेबेझ थ्रेलफॉल कुणाच्या हातचा चहा प्यायचा नाही. आमच्या कारखान्यात चहाची एक रीत होती. प्रत्येकानं घरून कागदाच्या पुडीत चहापत्ती आणि साखर आणायची, आणि ज्याची पाळी असेल त्यानं सगळ्यांचे डबे भट्टीजवळच्या बंबावर नेऊन उकळत्या पाण्यानं भरून आणायचे. जेबेझ आपला डबा आपणच न्यायचा आणि येताना झाकणावर तळहात दाबून धरायचा. हात पोळला तरी काढायचा नाही.

"तुझ्या चहात कोण काय घालणार आहे?" मी एकदा विचारलं.

"तेच तर अजून कळलेलं नाही," तो म्हणाला.

घरीही तीच तऱ्हा. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. माझी बहीण ॲनिस भट्टीत तांदळाची खीर भाजायची. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या लँकशायरात त्या खिरीवर जी तपकिरी, खरपूस साय धरते तिच्यासाठी सख्खे भाऊ भांडतात. जेबेझ भांडत नसे. तो भांडं भट्टीतून निघाल्यापासून ताटात येईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसायचा, कारण त्याचा ठाम समज होता की ॲनिस गुपचूप मला मोठा तुकडा देते. आता खरं सांगायला हरकत नाही, ती देत असे.

माणूस जन्मतः असा नव्हता. चौदाव्या वर्षी रेल्वेच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं पुसायला लागला, तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात पडणारा होता म्हणे. सव्वीस सालच्या संपात गुपचूप पुढाकार घेणाऱ्या त्याच्यासह सात जणांची नावं कुणीतरी वरिष्ठांना कळवली. ती नावं फक्त त्या सात जणांनाच माहीत होती. म्हणजे सातांतलाच एक. तो कोण, हे कधीच उघड झालं नाही. जेबेझची नोकरी गेली, तीन वर्षं त्यानं कोळशाच्या गाड्या ढकलल्या, आणि आमच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला तेव्हा तो दुसराच माणूस होता. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, हा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

अशा माणसाला पहाऱ्यावर ठेवणं म्हणजे मालकाच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट. म्हणून आमच्या कारखान्यानं ती नवी डिझेलची गाडी, म्हणजे रेल्वेचे डबे ओढायचं इंजिन, बांधायला घेतली तेव्हा तिच्या शेडच्या किल्ल्या जेबेझकडे दिल्या.

गाडी तशी एकच होती. नमुन्याची. रेल्वेनं मागवलेली नव्हती. आमच्या मालकांनी आपल्या खर्चानं बांधली होती, ती चांगली धावली तर पुढच्या वीस-पंचवीस गाड्यांचं काम मिळेल या आशेवर. तिच्यावर नंबरसुद्धा नव्हता, कारण ती अजून कुणाचीच नव्हती. साईच्या रंगाची, चौकोनी, दोन्ही टोकांना सारखीच. वाफेवरची माणसं तिला बिस्किटाचा डबा म्हणायची.

लोकांना वाटायचं की ती डिझेलवर चालते. तसं नव्हे. डिझेल आतलं जनित्र फिरवतं, आणि चाकं फिरतात ती विजेवर. त्या जनित्राच्या तारा आमच्या खात्यातल्या बायकांनी गुंडाळल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या मी. जनित्राच्या टोकाला तांब्याच्या शेकडो पट्ट्या जोडून केलेला एक ढोल असतो. तो गरगर फिरतो आणि त्यावर टेकलेले कोळशाचे ठोकळे वीज उचलतात. सगळ्या गाडीचा जीव त्या ढोलात.

ती चालवायला रेल्वेनं आपला एक ड्रायव्हर उसना दिला होता, सेथ कॅटरॉल. अडतीस वर्षं वाफेवर काढलेला, सहा फुटी, बोलका आणि कबुतरांचा वेडा. पहिल्याच दिवशी तो गाडीला प्रदक्षिणा घालून सगळ्यांसमोर म्हणाला, "हा डबा शॅपच्या डोंगराचा चढ चढला, तर मी माझ्या कबुतरांना ड्रायव्हरकी शिकवीन."

सगळे हसले. जेबेझनं खिशातली वही काढली आणि ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं.

चोपन्नच्या उन्हाळ्यात गाडी जवळच्या जवळ धावायला लागली आणि बरी धावली. सेथची भाषाही बदलली. "हेट्टी, हिच्यावर पांढरा शर्ट घालून बसता येतं गं," तो मला म्हणाला. "बायको धुणं वाळत घालताना रडली. म्हणाली, छत्तीस वर्षं मी कोळसाच धूत होते." पण असं तो मला सांगायचा. शेडमधल्या जुन्या दोस्तांसमोर मात्र ती बिस्किटाचा डबाच.

मग ऑक्टोबरात पहिली मोठी परीक्षा ठरली. शुक्रवारी, भरलेले डबे जोडून, शॅपचा चढ. रेल्वेचे साहेब गाडीत. निम्म्या चढावर जनित्रात धडाका झाला, निळा जाळ ढोलाभोवती फिरला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. वाफेच्या इंजिनानं तिला ओढून खाली आणली. सगळ्या गावानं ती वरात पाहिली.

ढोल काळा ठिक्कर पडला होता. तो उतरवून, कातून, परत बसवायला पंधरा दिवस लागले. कारण काय, ते त्या काजळीत कुणालाच कळेना. पुन्हा थोडं जवळपास धावून पाहिलं, सगळं ठीक. नोव्हेंबरात पुन्हा शुक्रवार, पुन्हा शॅप, आणि पुन्हा तोच धडाका.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा लोकांच्या नजरा बदलल्या. कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या ताटल्यांवर माना खाली घालून लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी मुद्दाम करतंय. पण कोण? वाफेची माणसं, दुसरं कोण. डिझेल आलं की कोळसा टाकणाऱ्याची गरज संपते, आणि रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा टाकणारे दोनशे होते. आणि त्यांच्यातला एक तर गाडीतच बसतो की, पांढरा शर्ट घालून!

त्या रविवारी खीर अजून भट्टीत होती. जेबेझनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हेट्टी, तुमच्या खात्यात तपकिरी वार्निश असतं ना?"

"असतं. तारांना लावतो आम्ही."

"बाहेर कुणी नेतं का?"

मला कसली शंकाच आली नाही. मी म्हटलं, "तळाला उरलेलं फेकूनच देतो. सेथला दिला एक डबा मागं. कबुतरांच्या खुराड्याचं दार सडलं होतं त्याचं."

जेबेझनं मान हलवली. ती त्याची मान हलवायची पद्धत मला ओळखायला हवी होती. त्यानं त्या दिवशी खिरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझी पितळेची पॉलिश कुठं गेली कळत नाही," ॲनिस कुरकुरली. "महिन्यात दुसरा डबा."

एरवी घरातली एक काडी हलली तर जेबेझ शेजारपाजारच्यांची नावं घ्यायला लागायचा. त्या दिवशी गप्प बसला. हे मला नंतर आठवलं. नंतर आठवून काय उपयोग?

डिसेंबरात तिसऱ्यांदा तेच. या वेळी आमच्या विजेच्या इंजिनियर मिस ऑगडन यांनी धडाका होताच स्वतः झाकण काढलं, कोळशाचे ठोकळे रुमालात गुंडाळून आणले आणि भिंगाखाली पाहिले. त्यांत एमरीची भुकटी रुतलेली होती. एमरी, म्हणजे लोखंड घासायच्या कागदावर असते ती कणीदार भुकटी. ती जनित्रात आपोआप जात नाही. कुणीतरी घातल्याशिवाय जाऊच शकत नाही.

हे फक्त मॅनेजरसाहेबांना, मिस्टर ब्रॉडबेंटना, सांगितलं होतं. तरी दोन दिवसांत सेथच्या खुराड्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत ‘गद्दार’ लिहिलेलं होतं. चॅपलमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला, त्याच्या बाकावर कुणी बसेना. त्याची बायको दुकानात गेली की रांग गप्प व्हायची. मी तिला एकदा हाक मारली तर ती दचकली. आणि मी? मी त्याला ओळखत होते, वीस वर्षं, आणि तरी मनात आलंच की तो डबा यानं खरंच दाराला लावला असेल ना? संशय हा असा रोग आहे, एकाला झाला की घरभर होतो.

बुधवारी सकाळी दहाला चौकशी ठेवली. सेथवर ठपका आला तर ड्रायव्हरकी जाणार, अडतीस वर्षांचं पेन्शन जाणार, वर पोलिस. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही बोलावलं होतं, वार्निशच्या डब्यावर आमच्या खात्याची चिठ्ठी होती म्हणून. सेथ खुर्चीत ताठ बसला होता, टोपी गुडघ्यावर. त्यानं पांढरा शर्ट घातला होता. जेबेझनं चॅपलचा काळा कोट घातला होता आणि हातात वही होती. त्याचा चेहरा मी इतका आनंदी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो सातवा माणूस त्याला सापडला नव्हता. हा सापडला होता.

"मिस्टर थ्रेलफॉल, तुमच्याकडे पुरावा आहे म्हणता," ब्रॉडबेंट म्हणाले.

"आहे, साहेब." त्यानं वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं. "गुरुवार, चौदा ऑक्टोबर. संध्याकाळी सव्वासहा. जनित्राचं झाकण काढून आत कुणी काही ठेवलंय का पाहिलं. तांब्याच्या ढोलावर तपकिरी वार्निश फासलेलं आढळलं. सगळीकडून, एकसारखं. सराईत हाताचं काम." त्यानं पान उलटलं. "गुरुवार, अकरा नोव्हेंबर. तेच. गुरुवार, नऊ डिसेंबर. तेच. आणि अशा वार्निशचा डबा कुणाच्या घरी आहे, ते माझ्या मेव्हणीनं सांगितलेलं आहे."

सेथ माझ्याकडे वळला. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

"डबा मीच दिला," मी ओरडलेच. "मीच! फेकायचा होता तो!"

"थांब हेट्टी," मिस ऑगडन म्हणाल्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. "मिस्टर थ्रेलफॉल, तुम्ही हे तेव्हाच आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की बातमी फुटते, बाई. कुणाला सांगायचं? कोण कुणाचा माणूस, काय भरवसा? मला चोर रंगेहाथ हवा होता. म्हणून मी आपला ते काढून टाकायचो आणि गप्प बसायचो."

"काढून टाकायचात?"

"तर! नाहीतर गाडी कशी धावायची? पहारीनं ढोल थोडा थोडा फिरवायचा आणि घासायचा. दोन-दोन तास. पहिल्या वेळी खाचांत राहिलं असावं, म्हणून तर धडाका झाला. दुसऱ्यांदा जास्त घासलं."

"कशानं घासलंत?"

"एमरीच्या कागदानं. मग वरून घरच्या पॉलिशनं." आणि तो अभिमानानं म्हणाला, "पंधरा वर्षं इंजिनं पुसलीत मी, बाई. तांबं असं चमकवलं की त्यात तोंड दिसत होतं."

मिस ऑगडननी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. रेल्वेचे साहेब खिडकीबाहेर पाहायला लागले. जेबेझनं एकेकाकडे पाहिलं. शाबासकी कुठून येते याची वाट पाहत होता बिचारा.

मिस ऑगडननी माझ्याकडे पाहिलं. "हेट्टी, तूच सांग त्यांना."

मला सांगायला लागलं. माझ्याच घरच्या माणसाला, त्या सगळ्यांसमोर.

"जेबेझ," मी म्हटलं, "ते वार्निश नव्हतं. कुणी लावलं नव्हतं. ढोल फिरायला लागला आणि कोळसा त्यावर घासला, की तांब्यावर ती तपकिरी साय आपोआप धरते. ॲनिसच्या खिरीवर धरते तशी. ती धरली म्हणजे जनित्र निरोगी. आम्ही तिला बोटसुद्धा लावत नाही. वाफेच्या इंजिनाचं तांबं चमकवायचं असतं, याचं नाही. तू ती साय खरवडून काढलीस आणि एमरीची भुकटी आत सोडलीस. तीनदा."

तो ऐकत होता, पण ऐकू गेल्यासारखं दिसेना. "पण डबा?" तो म्हणाला.

"डबा खुराड्याच्या दाराला लागलाय."

"ते मी पाहिलंय," तो हळूच म्हणाला. "जाऊन पाहिलंय मी. दाराला लावलंय. मला वाटलं, दिशाभूल करायला लावलं असेल."

मग त्यानं वही मिटली. पुन्हा उघडली आणि ती पहिली तारीख पाहिली. त्याचे कान लाल झाले, मग सगळा चेहरा पांढरा पडला. मला त्याचा इतका राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात, आणि तितकंच रडूही येत होतं. एका रविवारी, फक्त एका रविवारी, त्यानं मला सरळ विचारलं असतं की ढोलावर तपकिरी काय असतं, तर मी चमचा खाली न ठेवता सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे समोरच्यावर तेवढा विश्वास हवा.

ब्रॉडबेंट उभे राहिले. सेथची त्यांनी माफी मागितली, ती रीतसर होती. मग जेबेझकडे वळून म्हणाले, "थ्रेलफॉल, किल्ल्या टेबलावर ठेवा. हिशेब शुक्रवारी मिळेल."

जेबेझनं किल्ल्या काढल्या. साठाव्या वर्षी त्याला कुणी झाडू मारायलाही ठेवलं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"साहेब," सेथ म्हणाला. बसूनच. "त्याला काढू नका."

"काय?"

"माझं ऐका. आख्ख्या इंग्लंडात आता असा एकच माणूस आहे, जो त्या ढोलाला कुणाला फडकं लावू देणार नाही. पोपसुद्धा आला तरी. याच्याहून चांगला पहारेकरी कुठून आणणार तुम्ही?" आणि तो जेबेझकडे वळून म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या? लावू देशील का कुणाला?"

सगळे हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. जेबेझ हसला नाही. तो सेथकडे पाहत होता, आणि मी ती नजर ओळखली. चहाच्या डब्याकडे पाहायचा तीच.

जानेवारीत गाडी शॅपचा चढ चढली. सोळा डबे घेऊन, न थांबता. ढोलावर साय अशी धरली होती की मिस ऑगडननी आम्हा बायकांना मुद्दाम बोलावून दाखवली. सेथनं दुसऱ्या दिवशी खुराड्यावर पाटी लावली, ‘ड्रायव्हरकीचे वर्ग’. जेबेझ किल्ल्या सांभाळत राहिला. सेथ दर शनिवारी त्याच्याकडे यायला लागला, कधी अंडी घेऊन, कधी नुसता. जेबेझ त्याला बसायला सांगायचा, चहा आपण करायचा, आणि तो गेला की मला म्हणायचा, "याला काय हवंय?"

"काही नाही हवंय."

"काहीतरी असणार. मी त्याचं घर बुडवत होतो. तो मला वाचवतो? कसा? कशासाठी? याच्या मनात काय आहे ते कळलं पाहिजे."

सहा वर्षं हेच. मध्ये ॲनिस गेली. जेबेझ निवृत्त झाला. सेथही झाला. शनिवार काही चुकला नाही. मीच आता त्याच्या घरी जाऊन रविवारची खीर करायची, आणि जेबेझ पलंगावरून भट्टीवर नजर ठेवायचा.

शेवटच्या हिवाळ्यात त्याची छाती भरली होती. एका सोमवारी मी उशी नीट करत होते. तो म्हणाला, "हेट्टी. तू खात्यात होतीस, तुला माणसं कळतात. खरं सांग. सेथनं त्या दिवशी तसं का केलं?"

मी दमले होते, म्हणून काही सजवून बोलले नाही. "तो चांगला माणूस आहे म्हणून."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. "तेवढंच?"

"तेवढंच."

"दुसरं काही नाही?"

"नाही रे, जेबेझ."

त्याच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर उतरलं. पुसायला त्यानं हात वर केला नाही. "मग शनिवारी खीर कर," तो म्हणाला. "आणि साय त्याला दे. सगळी."

जेबेझ गुरुवारी गेला. शनिवारी सेथ काळी टाय लावून आला आणि त्या रिकाम्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसला. मी खीर केली होती. मी भांड्यावरची सगळी साय चमच्यानं सोडवली आणि त्याच्या ताटलीत ठेवली. एवढी वर्षं या घरात येऊन त्याला तिचा एक तुकडा मिळाला नव्हता. त्यानं ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"जेबेझनं तुला द्यायला सांगितलं होतं."

सेथनं चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. "जेबेझनं?" तो म्हणाला. "खरं सांगतेस?"